त्रेचाळीस वाक्यं

तोरिकाने पत्र आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, आणि मग फोन चटईवर पालथा टाकला. माझी बायको सेनिमिली नारळ खवत बसली होती. तिचा हात थांबला.

“काय गं?”

“मी चोर आहे, मामी.”

“कोण म्हणतं?”

“युनिव्हर्सिटी म्हणते.”

“तिकडे जाऊन कधी चोरलंस? दोन वर्षांत या बेटावरून हलली नाहीस तू.”

“इथूनच चोरलं म्हणतात. टेकडीवर बसून.”

तोरिका माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लाकेंबा बेटावर दिलेली. तोरिका इथे मोआलाला सरकारी विकास कचेरीत नोकरीला, आणि राहायला आमच्याकडे. ऑस्ट्रेलियातल्या एका युनिव्हर्सिटीची पदव्युत्तर पदवी ती ऑनलाइन करत होती. आंतरराष्ट्रीय विकासातलं नेतृत्व, असा लांबलचक विषय. घरबसल्या शिका, असं त्यांच्या जाहिरातीत होतं. आमच्या घरात सिग्नल येत नाही. तो शाळेत येतो, आणि शाळेला सुट्टी असली की शाळेमागच्या टेकडीवर. शनिवारी दुपारी वर्ग असायचा. लॅपटॉप तांदळाच्या प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून ही टेकडी चढायची आणि चिखलाचे पाय घेऊन उतरायची. उतरताना बहुतेक वेळा स्वतःशीच भांडत असायची.

ही पदवी तिला कशासाठी हवी होती ते सांगितलं पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं, तेव्हा ती लाकेंबाच्या कचेरीत होती. वादळानंतर सभा व्हायच्या. लांबलांबून माणसं यायची, त्यातली काही पंचविशीचीसुद्धा नव्हती, आणि आमची घरं कुठे बांधायची, समुद्रापासून किती अंतरावर बांधायची हे ठरवायची. तोरिका त्या सभांचा वृत्तान्त लिहायची. एकदा तिने बोलण्यासाठी हात वर केला. सभेच्या प्रमुखाने तिच्याकडे पाहून विचारलं, “चहा झाला का?”

त्या दिवसापासून तिला ती प्रमुखाची खुर्ची हवी होती. कचेरीचं प्रमुख व्हायला ही पदवी लागते, तसा नियमच आहे. शेवटचा प्रबंध तेवढा राहिला होता. तो देऊन ती बोटीची वाट बघावी तशी निकालाची वाट बघत होती, आणि निकालाऐवजी हे पत्र तिने टेकडीवरून फोनमध्ये उतरवून आणलं.

पत्रात असं होतं: तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली त्रेचाळीस वाक्यं डॉ. नील गॅरिक यांच्या आठ वर्षांपूर्वी छापलेल्या अहवालातल्या वाक्यांशी शब्दशः जुळतात. डॉ. गॅरिक यांचा उल्लेख कुठेही नाही. गुरुवारी सकाळी दहा वाजता चौकशी समितीपुढे हजर राहावं. आरोप सिद्ध झाल्यास नाव कमी करण्यात येईल.

“कोण हा गॅरिक?” तोरिका म्हणाली. “आई शपथ, मी या माणसाचं नाव आज ऐकतेय.”

मी ऐकलं होतं. पण ते सांगितलं नाही. मी म्हटलं, “दाखव बघू.”

पत्राबरोबर एक फाइल होती. डावीकडे तोरिकाचा प्रबंध, उजवीकडे गॅरिकचा अहवाल, आणि जुळणारं सगळं पिवळ्या रंगात. पानंच्या पानं पिवळी होती. मी चष्मा पुसला आणि उजवीकडचं पहिलं वाक्य वाचलं: “जमीन भुकेली असते, म्हणून आधी तिच्या तोंडावर पान ठेवावं आणि मगच फळ.”

हे वाक्य माझं आहे. म्हणजे माझ्या आईचं. आमच्याकडे नीरफणस जमिनीत पुरून ठेवतात. खड्ड्याला पानांचं अस्तर लावायचं, फळं भरायची, वरून पानं आणि दगड. फळ आंबतं, वास सुटतो, पण वर्षानुवर्षं टिकतं, आणि वादळाने बागा झोपवल्या की तेच खाऊन गाव जगतं. आई हे खड्डा खणताना सांगायची, आणि मला तिच्यामागून म्हणायला लावायची. एक शब्द बदलला तर ओल्या हाताची चापट बसायची. ज्याचं सांगणं आहे त्याचे शब्द तसेच्या तसे ठेवायचे. बदलले तर आपण त्यांचं काही तरी काढून घेतलं असं आमच्यात मानतात. पुढे मी मास्तर झालो, आणि शाळा सुटल्यावर हे सगळं इंग्रजीत एका वहीत उतरवलं. मला फारसं काही येत नाही, पण ते इंग्रजी मी जपून लिहिलं होतं. हे पहिलं वाक्य जमायला तीन दिवस लागले होते. जूनमध्ये तोरिकाने फोन समोर ठेवून विचारलं तेव्हा तीच वाक्यं मी घडाघडा म्हटली, आणि तिने ती तशीच्या तशी लिहिली. तिलाही लहानपणी चापट्या बसलेल्या होत्या.

आता लिहायला लाज वाटते, पण फाइल वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो. मला वाटलं, हे मीच कुठे वाचलेलं तर नसेल? गॅरिकचं वाचून मला माझं वाटत असेल? मी असाच आहे. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर माफी मी मागतो.

सगळं खरं आठवायला मला संध्याकाळ लागली. सांगायचा धीर यायला सकाळ उजाडली. तोरिका कचेरीत जायला निघाली होती.

“गॅरिक आपल्याकडे राहिला होता,” मी म्हणालो.

“आपल्याकडे म्हणजे? गावात?”

“या घरात. वादळानंतर. सहा आठवडे. तू झोपतेस त्या खोलीत.”

ती दारातच बसली. एका पायात चप्पल घालायची राहिली.

“तो लाल दाढीवाला?” सेनिमिलीने आतून विचारलं. “मला आई म्हणायचा तो? अगं बाई, सहा आठवडे मी त्याच्यासाठी मिरची वेगळी काढत होते! त्याने काय केलं?”

“त्याने मामांची वाक्यं छापली,” तोरिका म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. “तुम्ही त्याला तोंडी सांगितलं?”

“वही दिली.”

“उतरवून घेतली त्याने?”

“घेऊन गेला. पुढच्या बोटीने पाठवतो म्हणाला.”

“आठ-नऊ वर्षांत किती बोटी आल्या, मामा?”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, पत्र टाका, वही मागा,” सेनिमिली म्हणाली. “हे म्हणाले, कामात असेल बिचारा.”

“आणि नाव? अहवालात तुमचं नाव का नाही? मी काल सगळा वाचला. कुठे काय लिहिलंय माहितेय? ‘एका स्थानिक माहितगाराच्या मदतीने.’ शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. छपाई करणाऱ्याचे आभार मानलेत त्याच्या खाली.”

हे सगळ्यात अवघड होतं. मी खाली बघत सांगितलं, “त्याने विचारलं होतं, नाव कुणाचं घालू. मीच म्हटलं, नको. गावाचं आहे ते.”

“नको म्हणालात?”

“आपल्यात असं नाव पुढे करत नाहीत, तोरिका.”

“आपल्यात! आणि त्याच्यात? त्याने केलं ना पुढे? तुम्ही नको म्हणालात तेव्हा काय म्हणाला तो?”

मी आठवून बघितलं. तो काही बोलला नव्हता. त्याचा चेहरा मात्र सैल पडला होता, जड ओझं कुणी हातातून घेतल्यावर पडतो तसा. तो चेहरा मला इतकी वर्षं आठवत होता आणि मी त्याला नम्रपणा समजत होतो.

“तुम्ही लाजलात, मामा,” तोरिका म्हणाली. “चक्क लाजलात. आणि आता तुमच्या लाजण्यापायी मी चोर.”

तिने चप्पल पायात सरकवली आणि गेली. सेनिमिलीने माझ्यापुढे चहा असा ठेवला की अर्धा बशीत सांडला.

गुरुवारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांची खोली दिली. मुलांना मैदानावर पिटाळलं होतं. तरी खिडकीच्या आडव्या काचांमधून बाया डोकावत होत्या. गावात हे लपून राहणं शक्य नव्हतं. विद्यार्थ्याबरोबर एक सोबती बसू शकतो, पण त्याने बोलायचं नाही, असा नियम होता. तोरिका म्हणाली, “न बोलणारा माणूस पाहिजे तर मामा, तुम्हीच या.” चार दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मी इस्त्रीचा सुलू, म्हणजे आमचं लुंगीसारखं वस्त्र, नेसलो आणि तिच्या शेजारी बसलो.

पडद्यावर तिघं होते. अध्यक्ष प्राध्यापिका लिंडहर्स्ट, पांढऱ्या केसांच्या, गोड आवाजाच्या. ब्रेंडन नावाचा तरुण, तो नियम वाचून दाखवायला होता. आणि एक बाई, त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. लिंडहर्स्टबाईंनी सुरुवातीला डोळे मिटून एक परिच्छेद म्हटला: आम्ही ज्या भूमीवर बसलो आहोत तिच्या मूळ रहिवाशांना, त्यांच्या होऊन गेलेल्या आणि आजच्या वडीलधाऱ्यांना आम्ही वंदन करतो. मला बरं वाटलं. मी मान लववली. मला वाटलं, ही ऐकून घेणारी माणसं आहेत.

“तोरिका,” बाई म्हणाल्या, “ही माहिती तुला कुठून मिळाली?”

“माझ्या मामांकडून.”

“मग प्रबंधात त्यांचा उल्लेख का नाही?”

“ते माझ्या आईचे भाऊ आहेत.”

बाई थांबल्या. पुढे काही येईल असं त्यांना वाटलं. तोरिकाच्या दृष्टीने उत्तर संपलं होतं.

“म्हणजे?” ब्रेंडनने विचारलं.

“मी या गावाची वासू आहे. गावातल्या मुलीची मुलगी. मामाच्या गावातलं जे आहे ते वासू न विचारता घेऊ शकते. कुणी अडवत नाही. सात वर्षांची असताना मी सरपंचांचा रेडिओ उचलून नेला होता, ते टाळ्या वाजवत होते. मामांचे शब्द मी घेतले, त्याला आमच्यात घेणंसुद्धा म्हणत नाहीत. ते माझेच आहेत. माझ्याच गोष्टीखाली मी कुणाचं नाव लिहू?”

खिडकीतून कुणी तरी म्हणालं, “बरोबर बोलली.”

“ही फार सुंदर प्रथा आहे,” लिंडहर्स्टबाई म्हणाल्या, आणि तसं त्यांना खरंच वाटत असावं. “पण तुझ्या लक्षात येतंय ना, इथे प्रश्न वेगळा आहे? तोंडी माहिती घेतली तर दिनांक लागतो, संमतीचा कागद लागतो. तो नाही. आणि हीच वाक्यं आठ वर्षं आधी छापलेली आहेत.”

“कारण डॉक्टर गॅरिकनी ती मामांच्या वहीतून घेतली.”

“ती वही आहे?”

“त्यांच्याकडे आहे.”

ब्रेंडन काही लिहीत होता. तो मान वर न करता म्हणाला, “डॉक्टर गॅरिक यांना आम्ही विचारलं. नऊ वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे आता नाहीत. त्यांना त्या गावाची आठवण मात्र फार चांगली आहे.”

मग लिंडहर्स्टबाई पुढे झुकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “तोरिका, एक शक्यता तू विचारात घेतलीस का? तुझ्या मामांनी डॉक्टर गॅरिक यांचा अहवाल वाचला असेल. वयस्कर माणसांचं असं होतं. वाचलेलं हळूहळू आपलंच वाटायला लागतं.”

हीच शंका माझ्याही मनात येऊन गेली होती. मी ती स्वतःवर घेतली होती, लाजून. पण दुसऱ्याच्या तोंडून, त्या मऊ आवाजात ती ऐकली आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. अडतीस वर्षं मी त्याच शाळेत शिकवलं. त्या खोलीत मी कधी आवाज चढवला नव्हता. मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागे पडली.

“बाई,” मी म्हणालो.

आणि मी बोललो. मला सगळं आठवत नाही. मी म्हणालो, त्या वाक्यातलं पान केळीचंच का असतं ते तुमच्या गॅरिकना विचारा, त्यांना सांगता येणार नाही, कारण ते मी वहीत लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, माझी आई वारली तेव्हा तिच्या नखांत त्या खड्ड्याची माती होती. तो माणूस माझ्या चटईवर झोपला, माझ्या घरचं जेवला, आणि त्याने माझ्या आईला बारीक अक्षरातसुद्धा जागा दिली नाही. मी म्हणालो, मूळ रहिवाशांना वंदन करता ना? वडीलधाऱ्यांना? मग डोळे उघडे ठेवून करा. मी एक वडीलधारा इथे उभा आहे, आणि माझ्या भाचीने माझं घेतलं म्हणून तुम्ही तिला चोर ठरवता, आणि ज्याने खरं नेलं त्याला आमच्या गावाची चांगली आठवण आहे! मी हातवारे करत होतो. माझी थुंकी उडत होती.

बोलता बोलता मला दिसलं की ब्रेंडन पाणी पितोय. लिंडहर्स्टबाई काही तरी लिहितायत. तिसऱ्या बाई दुसरीकडेच बघतायत. कुणाच्याही चेहऱ्यावर माझ्या बोलण्याची रेघ उमटलेली नव्हती.

“तोरिका, त्यांना ऐकू जातंय ना?”

“नाही, मामा. आवाज बंद केलाय त्यांनी आपला.”

“केव्हा?”

“तुम्ही बाई म्हणालात तेव्हाच.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“मला ऐकायचं होतं.”

“आम्हाला ऐकू आलं, मास्तर,” खिडकीतून एक बाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

मी खुर्ची उचलून बसलो. थोड्या वेळाने आवाज परत आला. सोबत्याने बोलायचं नसतं, याची ब्रेंडनने नम्रपणे आठवण करून दिली. मग लिंडहर्स्टबाई हसून म्हणाल्या की चांगली बातमी आहे. तोरिकाचा हेतू वाईट नव्हता असं समितीचं मत झालं होतं. तिला कमी करणार नाहीत. सोमवारी दुपारपर्यंत तिने प्रबंध दुरुस्त करून द्यायचा: त्रेचाळीसपैकी प्रत्येक वाक्याखाली डॉक्टर गॅरिक यांचं नाव आणि सन घालायचं. छापील आधार तोच असल्यामुळे दुसरं नाव चालणार नाही. तेवढं केलं की पदवी.

“फार काम नाही,” ब्रेंडन म्हणाला. “अर्ध्या तासाचं आहे.”

शुक्रवारी तोरिका कचेरीतून उशिरा आली आणि लॅपटॉप न उघडता झोपली. शनिवारी सकाळी मी पुढच्या खोलीत वाचत बसलो होतो. वाचत म्हणजे पान समोर धरून. तोरिका आत आली. तिने सुलू नेसला होता, केस बांधले होते, आणि हातात यांगोनाच्या मुळांची जुडी होती, मोठं मागणं मागताना आमच्यात पुढे ठेवतात ती, बाजारातून रीतसर आणलेली. ती माझ्यापुढे दोन हात अंतरावर खाली बसली, जुडी चटईवर ठेवली, तळवे पोकळ करून तीनदा टाळी वाजवली.

या घरात तिने आजवर काहीही मागितलं नव्हतं. माझं घड्याळ, माझी छत्री, माझी पुस्तकं, सगळं तिने उचललेलं होतं.

“मामा,” ती म्हणाली, “घ्यायला मी कधी विचारलं नाही. ते मला विचारावं लागत नाही. पण हे घेणं नाही. त्रेचाळीस जागी त्याचं नाव लिहायचं म्हणजे तुमचं उचलून त्याला देणं. देणं वासूच्या हातात नसतं. म्हणून मागायला आले. द्याल?”

जुडीला हात लावला की होकार. आमच्यात एवढंच असतं, वर बोलावं लागत नाही. मी जुडीकडे बघत राहिलो.

सेनिमिली दारात आली होती. “उचला की,” ती म्हणाली. “पोरीची दोन वर्षं जातील. नाव तर नाव. वही गेली तेव्हा नाही काही वाटलं, आता का हात आखडतोय?”

ती म्हणत होती ते खरं होतं. एवढी वर्षं जे कुणी मागितलं ते मी उचलून दिलं. नाही म्हणायची मला लाज वाटायची म्हणून दिलं, आणि त्याला मी चांगुलपणा म्हणत आलो. इथे तर मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी हात लावावा असं माझ्या मनातला अर्ध्याहून जास्त भाग सांगत होता. मी हात मांडीखाली घातले.

“नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“नाही देत.”

तोरिका माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा संयम सुटला. “नाही? आत्ता नाही? नऊ वर्षांपूर्वी त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि मला म्हणता? दोन वर्षं मी टेकडी चढले, मामा! पावसात! त्या सभांमध्ये अजून मी चहाच विचारायचा का? तुमच्या अभिमानासाठी?”

“अभिमान नाही तो.”

“मग काय आहे?”

“राग आहे,” मी म्हणालो. “मला राग आलाय, तोरिका. मला येत नाही तो नीट. पण आलाय.”

ती जरा मागे सरकून बसली.

“काढून टाक,” मी म्हणालो. “माझं सगळं काढून टाक. त्याचं नाव घालायला वाक्यच नको. बाकीचं दे आणि पदवी घे.”

“आणि उरतं काय? नकाशे आणि तक्ते!”

“त्यांना तक्ते पुरतील.”

तिने जुडी उचलली आणि बाहेर गेली. दार आपटलं. मला वाटलं, गेली. बहिणीला काय सांगायचं याचा मी विचार करायला लागलो. मी चुकलो असेन. मला आजही खात्री नाही.

दुपारी मी टेकडीवर गेलो. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मी आलेलं तिने पाहिलं, पण थांबली नाही. ती एकेक वाक्य मोठ्याने वाचत होती, आजीने शिकवलं तसं, शब्द न बदलता, आणि वाचून झालं की बोटाने ते पुसून टाकत होती. आवाज रागाने इतका कडक होता की खालच्या शेतातला माणूस वर बघायला लागला. “दगड ओले नकोत, ओला दगड पानाला कापतो.” पुसलं. “पहिलं फळ खणणाऱ्याने खाऊ नये.” पुसलं. मी गवतावर बसलो आणि तिच्याबरोबर म्हणायला लागलो. एका ठिकाणी मी एक शब्द चुकलो. तिने माझ्या हातावर चापट मारली.

रविवारी आमच्यात काम करत नाहीत. सोमवारी सकाळी तिने रिकाम्या झालेल्या तिसऱ्या प्रकरणात दुसरं भरलं: आफ्रिकेतल्या धान्याच्या कोठारांवर कुणी तरी लिहिलेलं, चार तक्ते, दोन आलेख, आणि प्रत्येक ओळीखाली नाव आणि सन. “हे वाचून मलाच झोप येतेय,” ती म्हणाली. साडेअकराला तिने ते पाठवलं. नंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी माझी छत्री न विचारता घेऊन गेली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

निकाल पाच आठवड्यांनी आला. तोरिका पास झाली होती. गुण जेमतेम होते, पण पदवी ती पदवी. सेनिमिली रडली, शेजारणी आल्या, कोंबडी कापायची ठरली. त्या गडबडीत तोरिका फोन घेऊन माझ्याजवळ आली. तिचा चेहरा विचित्र दिसत होता.

“परीक्षकांनी शेरा लिहिलाय. वाचू?”

“वाच.”

“‘मांडणी सफाईदार आहे आणि संदर्भ काटेकोर आहेत. तिसरं प्रकरण मात्र कोरडं वाटतं. ज्या समाजाबद्दल लिहिलं आहे त्याचा स्वतःचा आवाज यात कुठेच ऐकू येत नाही. पुढील कामात विद्यार्थिनीने स्थानिक जाणकारांशी बोलावं.’”

सेनिमिलीने काय लिहिलंय ते विचारलं. तोरिकाने तिला आमच्या भाषेत सांगितलं. सेनिमिलीने हातातली करवंटी अंगणात अशी भिरकावली की कोंबड्या दाही दिशांना पळाल्या. त्या लोकांबद्दल ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तोरिका आधी हसली, मग हसता हसता खाली बसली, मग डोळे पुसायला लागली.

“उत्तर लिहिते त्यांना,” ती म्हणाली. “लिहू का, मामा? सगळं लिहिते. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“आज नको. आधी पदवीचा कागद बोटीने येऊ दे. तो हातात पडला, तू त्या खुर्चीवर बसलीस, की मग लिहू. दोघं मिळून लिहू. माझ्या नावाने.”

ती पुन्हा हसायला लागली. तिला वाटलं, मी गंमत करतोय.

निदान कच्चं तरी लिहून ठेवावं म्हणून मी आत जाऊन कोरा कागद शोधू लागलो.